‘अ‍ॅज गुड अ‍ॅज’ आणि ‘झाल्यात जमा’

इंग्रजीतील ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज’ ही पदावली रूपाने तुलनावाचक आहे. एक कापड दुसऱ्या कापडाइतकेच चांगले आहे, असे सांगताना ती खरोखरच तुलना करते आणि मराठीतील ‘इतका’ हे शब्दयोगी अव्यय तेथे पुरेसे होते. परंतु ‘द वर्क इज अ‍ॅज गुड अ‍ॅज डन’ या वाक्यातील ‘गुड’चा चांगुलपणाशी काहीही संबंध उरत नाही. काम अद्याप संपलेले नाही, तथापि ते संपले असे धरून चालण्यास हरकत नाही, एवढेच येथे अभिप्रेत असते.

या दुसऱ्या अर्थासाठी मराठीने हिशेबाच्या वहीतील शब्द घेतला आहे : ‘काम झाल्यात जमा आहे.’ ‘जमा’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत येऊन जमाखर्चात रुळला. ‘झाल्यात’ हे भूतकालवाचक धातुसाधिताचे सप्तमीचे रूप होय. झालेल्या गोष्टींच्या सदरात ही बाब मांडावी, असा या प्रयोगाचा आशय आहे. ‘मेल्यात जमा’ ही रचनाही याच घडणीची.

मात्र हा पर्याय सर्वत्र चालत नाही. दुरुस्त केलेले यंत्र ‘नव्यात जमा’ होत नाही. ते ‘नव्यासारखे’ होते. दिलेले वचन पाळणाऱ्या मनुष्याविषयी इंग्रजी हीच पदावली योजते. मराठीत तो ‘शब्दाला जागतो’.

‘जमा’ या शब्दात एक सूक्ष्म उणीवही सूचित असते. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात प्रतिस्पर्धी पुरता जखडला गेला, की कुस्ती ‘जिंकल्यात जमा’ होते. पण त्याची पाठ मातीला लागेपर्यंत ती ‘जिंकली’ असे कोणी म्हणत नाही. हाच भेद व्यवहारात निर्णायक ठरतो. इसार देऊन करारनामा झाला, की जमिनीची विक्री ‘झाल्यात जमा’ असे लोक म्हणतात. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ अन्वये विक्रीच्या करारामुळे खरेदीदारास त्या मिळकतीत कोणताही हितसंबंध आपोआप प्राप्त होत नाही. अशा स्थळी ‘अ‍ॅज गुड अ‍ॅज सोल्ड’चे भाषांतर ‘विकलेली’ असे केल्यास अर्थाबरोबर वस्तुस्थितीही बदलते. ‘विकल्यात जमा’ म्हटल्याने ती राखली जाते.

म्हणून भाषांतरकाराने या पदावलीपाशी प्रथम एकच प्रश्न विचारावा : येथे दोन वस्तूंची तुलना आहे, की न घडलेली गोष्ट घडलेल्या सदरात मांडली जात आहे? पर्यायाची निवड या उत्तरावर अवलंबून राहते.