हरळीची काशी

उत्तर ध्रुवाजवळच्या मुलखात उन्हाळा जेमतेम दोन-तीन महिन्यांचा. एवढ्यात गवताने वाढायचे कधी आणि बी पिकवायचे कधी? तेव्हा तिकडच्या काही चिवट गवतांनी बियांचा नादच सोडला आहे. ‘पोआ अल्पिना’ नावाच्या गवतात कित्येकदा तुऱ्यावर दाण्यांऐवजी इवलीशी रोपेच धरतात. ती ओल्या मातीवर पडली की मुळे सोडतात.

नवल खरे, पण बियांवाचून संसार थाटणारे गवत पाहायला इतके दूर जायला नको. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावच्या शिवारात ते बांधाबांधावर आहे. ते म्हणजे हरळी! आपण शहरातली माणसे तिला दूर्वा म्हणतो आणि भाद्रपदात एकवीसांची जुडी पैसे मोजून आणतो. शेतकरी हरळी म्हणतो, तोही कपाळाला आठी घालून. संस्कृत नाव देवाचे, मराठी नाव वैऱ्याचे!

तिकडे वैर हिमाशी, इकडे वैशाखाशी. पारा चाळिशी ओलांडतो, काळ्या जमिनीला भेगा पडतात, हरळीची पाने करपून जातात. खाली काशी मात्र जिवंत असते. (यात वाराणसीचा संबंध नाही, जमिनीखाली आडव्या धावणाऱ्या पेरेदार खोडाला शेतकरी काशी म्हणतात.) पेरागणिक एक डोळा, मृगाची सर आली की तो फुटलाच.

पूर्वी उन्हाळ्यात शेत खोल नांगरीत, ढेकळे तापू देत आणि मग घरची-दारची माणसे वाकून काश्या वेचीत, ढीग करून जाळीत. कंबर मोडणारे काम! आता त्याला मजूर मिळणे कठीण, मिळाला तर मजुरी परवडत नाही. म्हणून ट्रॅक्टरला रोटाव्हेटर लावतात. शेत कसे पिठासारखे दिसते! पण पात्यांनी एका काशीचे दहा तुकडे केलेले असतात, आणि शाबूत डोळ्याचा तुकडा म्हणजे नवे रोप. पुढे सोयाबीनच्या ओळींतून हरळी डोके काढते. हे पीक साधारण शंभर दिवसांचे. पहिल्या महिन्यात तणाने दाबले, की उतारा गेलाच. वेचणीचे वाचवलेले पैसे खुरपणीत जातात. माझ्या मते तरी हा सौदा तोट्याचा आहे.

आणि तरीही बांधावरची हरळी कोणी समूळ खणू नये. पावसाळ्यात तीच माती धरून ठेवते, गुरे तीच चरतात. जाणता शेतकरी बांधाला हात लावीत नाही. शेताकडे सरकलेले धावते तेवढे छाटतो आणि गाईपुढे टाकतो.