पेस्टिंगला जाताना हे लक्षात ठेवू या

जशी शेती, तसा मजुराला त्रास. बाजरीच्या कोरडवाहू रानात ऊन लागते, कंबर धरते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत याच्या जोडीला औषधेही येतात.

आपल्या नाशिककडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. फळछाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला हायड्रोजन सायनामाइड लावतात. यालाच आपण पेस्टिंग म्हणतो. हे औषध कातडी आणि डोळे पोळते. ते अंगात भिनलेले असताना दारू पोटात गेली, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, दम लागतो, रक्तदाब उतरतो. घरच्यांना वाटते, चढली असेल. पण ही विषबाधा असते.

म्हणून पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर तरी दारूला शिवू नये. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चष्मा घालावा. साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरी खाऊ नये, तंबाखू मळू नये. कामाचे कपडे लेकरांच्या कपड्यांत धुऊ नयेत. त्रास झाला तर 108 ला फोन करावा आणि डॉक्टरांना औषधाच्या बाटलीवरचे नाव दाखवावे.

2003 मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश सापडले. तेव्हापासून निर्यातीच्या द्राक्षांची प्रयोगशाळेत तपासणी होते. औषध लावणाऱ्या हातांची तशी तपासणी कोणी करत नाही. तेव्हा मजुरी ठरवतानाच टोळीने मिळून हातमोजेही ठरवून घ्यावेत.