मालक नसलेल्या लिनक्सची परीक्षा

विंडोजची परीक्षा मायक्रोसॉफ्ट घेते, सिस्कोच्या राउटरची सिस्को. मग लिनक्सची परीक्षा कोणी घ्यायची? फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 मध्ये जिचा गाभा लिहायला घेतला, ती ही प्रणाली कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. डेबियन, रेड हॅट, सुसे, उबुंटू अशी तिची अनेक रूपं आहेत आणि प्रत्येकाची तऱ्हा थोडी वेगळी. नव्वदच्या दशकाअखेर कंपन्या आपले सर्व्हर लिनक्सवर नेऊ लागल्या, तेव्हा हा प्रश्न खरोखर अडायला लागला. ‘मला लिनक्स येतं’ म्हणणारे पुष्कळ होते, पण त्यांना पारखायचं कसं, हे नोकरी देणाऱ्याला कळत नव्हतं.

1998 मध्ये डॅन यॉर्क यांनी लेख लिहून लिनक्सला सगळ्यांनी मिळून घडवलेलं प्रमाणपत्र हवं, अशी हाक दिली. त्यातूनच 1999 मध्ये कॅनडात ‘लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट’ ही ना-नफा संस्था उभी राहिली. त्याच वर्षी रेड हॅट कंपनीने आपली ‘आरएचसीई’ परीक्षा आणली. एक वाट समाजाची, दुसरी कंपनीची. आजही उमेदवारापुढे मुख्यतः याच दोन वाटा असतात.

आधी काम, मग अभ्यासक्रम

चांगल्या परीक्षेची सुरुवात पुस्तकातून होत नाही. रोज सर्व्हर सांभाळणाऱ्यांना आधी विचारावं लागतं की तुम्ही कोणती कामं करता, किती वेळा करता आणि चुकलं तर काय बिघडतं. या उत्तरांवरून प्रत्येक विषयाचं वजन ठरतं. इन्स्टिट्यूटच्या ‘एलपीआयसी-1’ या पहिल्या पायरीत दोन पेपर असतात, प्रत्येकी 60 प्रश्न आणि 90 मिनिटं. फाइलच्या परवानग्यांना तीन गुणांचं वजन असेल, तर त्यावर तीन प्रश्न येणार. विषयांची आणि वजनांची ही यादी सर्वांसाठी खुली असते. डेबियन आणि रेड हॅट या दोन्ही घराण्यांत सॉफ्टवेअर बसवण्याची पद्धत निराळी, म्हणून दोन्ही पद्धती याव्या लागतात. कोणत्याही एका कंपनीकडे झुकायचं नाही, हा नियम असा प्रत्यक्ष पेपरात उतरतो.

एका प्रश्नाची घडण

समजा, प्रश्न असा आहे: फाइल मालकाला वाचता-लिहिता यावी, गटाला फक्त वाचता यावी, इतरांना काहीच करता येऊ नये, परवानगीचा आकडा कोणता? उत्तर 640. पण खरं कसब चुकीचे पर्याय निवडण्यात आहे. 644 दिलं, तर इतरांनाही वाचता येतं. 660 दिलं, तर गटालाही लिहिता येतं. 740 दिलं, तर मालकाला फाइल चालवण्याचीही मुभा मिळते. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे नवशिक्याची एक खरीखुरी गफलत असावी लागते. मग हा प्रश्न काही उमेदवारांवर आजमावतात. एकूण पेपरात हुशार ठरलेलेच इथे चुकत असतील आणि कच्चे बरोबर उत्तर देत असतील, तर दोष प्रश्नात आहे असं समजून तो काढून टाकतात.

पास कोणाला म्हणायचं, हेही मनाला येईल तसं ठरवून चालत नाही. अशा परीक्षांत रूढ असलेल्या अँगॉफ पद्धतीत जाणकार मंडळी एका उमेदवाराची कल्पना करतात: काम सोपवण्याइतपत जेमतेम तयार असलेला. असे शंभर जण बसले, तर या प्रश्नाचं उत्तर किती जण बरोबर देतील? प्रत्येक प्रश्नावरच्या अशा अंदाजांच्या सरासरीतून उत्तीर्ण होण्याची रेषा निघते. आपल्या शाळेतल्या ठरीव 35 टक्क्यांपेक्षा ही रीत मला फार न्याय्य वाटते.

हाताची परीक्षा

पर्यायी प्रश्नांची परीक्षा स्वस्तात आणि गावोगावच्या केंद्रांवर घेता येते. पण ‘अपेक्षित प्रश्नसंच’ पाठ करून ती पार करणारेही निघतात. रेड हॅटने त्यावर प्रात्यक्षिकाचा उपाय काढला. त्यांच्या ‘आरएचसीएसए’ परीक्षेत समोर खरं चालतं मशीन असतं. इंटरनेट नाही, मात्र प्रणालीसोबत येणारी माहितीपानं वाचायला मोकळीक असते. 300 पैकी 210 गुण लागतात. आणि एक अट अशी की, केलेलं काम मशीन बंद करून पुन्हा सुरू केल्यावरही टिकलं पाहिजे. नवी डिस्क तात्पुरती जोडून पुढे गेलेल्याचं काम तिथेच वाया जातं. सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये एक शब्द चुकला, तर मशीन नीट सुरूच होत नाही. कारखान्यात रात्री दोन वाजता हेच घडतं, म्हणून परीक्षेतही हेच तपासायला हवं. 2014 मध्ये लिनक्स फाउंडेशनने अशीच प्रात्यक्षिक परीक्षा ऑनलाइन, घरबसल्या देता येईल अशी आणली.

या प्रमाणपत्रांना मुदतही असते. एलपीआयसीची पाच वर्षं, आरएचसीएसएची तीन. साधनं बदलतात, म्हणून पुन्हा सिद्ध व्हावं लागतं.

आपला वाटा

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे धडे मराठीतही आणले आहेत. शिकण्याची दारं त्यामुळे बरीच उघडली. सिद्ध करण्याची दारं मात्र अजून अरुंद आहेत. एलपीआयसीच्या परीक्षा जर्मन, जपानी, स्पॅनिश, पोर्तुगीजमध्ये देता येतात, मराठीत नाही. परीक्षेचं शुल्कही जिल्ह्याच्या गावातल्या मुलाला सहज परवडणारं नसतं.

पुण्या-मुंबईत लिनक्स सांभाळणारे शेकडो अनुभवी हात आहेत. इतर देशांतल्या अशाच लोकांनी कामांच्या याद्या तपासल्या, प्रश्न लिहिले, भाषांतरं केली, म्हणून ही परीक्षा उभी राहिली. आपल्या लोकांनीही त्यात उतरायला हवं आणि महाविद्यालयांनी प्रॅक्टिकलच्या वहीऐवजी चालतं मशीन तपासायला सुरुवात करायला हवी. त्यासाठी संगणक प्रयोगशाळा आणि फुकट मिळणारं लिनक्स पुरेसं आहे. कौशल्य असूनही ओळखपाळख नसलेल्या मुलाला नोकरीच्या दारात मान ताठ ठेवून उभं राहता यावं, एवढ्यासाठी हे कष्ट घेण्याजोगे आहेत.