वुजूच्या पाण्यावर पाणकणीस

बुलढाणा जिल्ह्यात उन्हाळा आला की घरोघरी पाण्याचा हिशेब सुरू होतो. टँकरचे पाणी आपण भांड्याभांड्याने मोजतो. वुजूच्या नळाखालचे मात्र नालीतून गल्लीत जाते. काळ्या जमिनीत ते लवकर जिरत नाही. डबके साचते, डास होतात, शेजाऱ्यांशी कुरबुर होते. पैगंबर (स.) एक मुद्द, म्हणजे दोन तळहातांच्या ओंजळीएवढ्या पाण्यात वुजू करीत, हे आपण मुलांना सांगतो. नळ तेवढा सुरूच राहतो!

अशा अंगणात पाणकणीस लावून पाहा. धरणा-कालव्याच्या कडेला पुरुषभर उंच वाढणारी, तपकिरी मेणबत्तीसारखे कणीस येणारी ही वनस्पती. काही जण हिलाच बोरू समजतात. पण मक्तबात तख्तीवर लिहायचा कलम ज्याचा होई, तो बोरू पेरांचा असतो. पाणकणसाची पाने लांब, आतून स्पंजासारखी. त्या पोकळ्यांतून हवा चिखलातल्या मुळांपर्यंत उतरते. मुळांभोवती सूक्ष्मजीव वाढतात आणि पाण्यातली घाण तेच फस्त करतात.

दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम मधोमध कापा. तळाशी अर्धी वीत खडी, वर वाळू मिसळलेली माती, सर्वांत वर बारीक खडी. वरच्या खडीच्या थोडे खाली पाइप बसवून तो केळीच्या आळ्यात सोडा. पाणी खडीच्या वर दिसता कामा नये, म्हणजे डास अंडी घालणार नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोंब असलेली दोन-तीन मुळकांडे लावा. ऊन भरपूर हवे. रोप शेताच्या नाल्यातून, मालकाला विचारून आणा. लोणारच्या काठाला हात लावू नका. ते अभयारण्य आहे, आणि 2020 पासून रामसर यादीतले पाणस्थळही.

जमिनीत मात्र हे कधीच लावू नये. मुळकांडे पसरत जातात, कालवेसुद्धा तुंबवतात. कणीस फुटून कापूस उडण्याआधी कापून टाका. फिनेल, ब्लिचिंग पावडर टबात जाऊ देऊ नका. स्वयंपाकघरातले तेलकट पाणीही नको, खडी बुजते.

टबातून निघालेले पाणी पुन्हा वुजूला चालत नाही. कोथिंबीर-पालकालाही घालू नका. केळी, लिंबाला खुशाल द्या. आणि एक खरे सांगायला हवे: एप्रिल-मेमध्ये पाणकणीस स्वतःच बरेच पाणी पिते. तुमच्याकडे डबक्याचा त्रास नसेल आणि केळी जगवणे एवढाच हेतू असेल, तर टबाच्या भानगडीत न पडता नळाखालचा पाइप सरळ आळ्यात सोडावा.