पाळीवरचा पाटील

तिरोडा तालुक्यातला बोदलकसा तलाव 1917 सालचा, मातीच्या धरणाचा. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळला, सिंचन आयोग बसला आणि मग सरकारने स्वतः तलाव बांधायला घेतले. आज पाळीवर पर्यटक नागझिऱ्याकडच्या डोंगरांचे फोटो काढतात. हा तलाव कोणी बांधला, असे विचारले तर उत्तर एका शब्दात येते: इंग्रजांनी. त्यात माणसाचे नाव नाही.

याच गोंदिया जिल्ह्यात नवेगावबांधच्या तलावाबद्दल तोच प्रश्न विचारा. उत्तर येते, कोलू पाटील कोहळी. लोकांनी त्यांना कोलासूर म्हणून देव केले! नेतृत्वाची याहून मोठी पावती मला माहीत नाही.

भंडारा-गोंदियाच्या कोहळी समाजात पाटीलकी तलावावरून मोजली जाई. चांद्याच्या गोंड राजांविषयी सांगतात की, जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. म्हणजे आधी खोदा, मग मालक व्हा. पाळ फुटली तर पहिली बुडणार ती पाटलाचीच बांधी, म्हणजे धानाचे शेत, म्हणून रात्री-अपरात्री कंदील घेऊन तोच धावणार. तुडुम, म्हणजे तलावाचे पाणी सोडायचे दार, कधी उघडायचे, कोणाच्या धानाला आधी पाणी, यावर त्याचा शब्द चाले. हे सगळे गोड होते असे मी म्हणत नाही. उत्तम जमीन त्याची, पाळीवर माती टाकणारे हात बहुधा दुसऱ्यांचे, आणि बाईला पाटलाच्या बैठकीत जागा नाही.

1951 मध्ये मालगुजारी, म्हणजे अशा पाटलांची गावमालकी, गेली. हजारो तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ असे लांबलचक नाव त्यांना चिकटले. पाणीपट्टीवरून वाद झाले, दुरुस्ती रखडली, गाळ साचला. पाटलाच्या ओसरीवर जाणारा शेतकरी आता अर्ज घेऊन कचेरीत गेला. 2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्था आल्या. अध्यक्ष निवडून येऊ लागला, पण पाळीची काळजी कागदावरून निवडता येत नाही.

नेतृत्वाची मोजपट्टी जागोजागी वेगळी असते, हे जगातल्या अभ्यासकांना उशिरा कळले. गेर्ट हॉफस्टेड यांनी एकाच कंपनीच्या देशोदेशीच्या नोकरांची मते तपासली आणि 1980 मध्ये ग्रंथ लिहिला. वरिष्ठाशी वाद घालणे कुठे धीटपणा ठरते, कुठे उर्मटपणा. त्याच वर्षी आपल्याकडे जय बी. पी. सिन्हा यांनी काम चोख करून घेणारा आणि तरी माया करणारा वरिष्ठ भारतात चालतो, असे मांडले. आपल्या पाटलाला हे वर्णन अगदी चपखल बसते. जपानात बैठकीआधी एकेकाला गाठून मन वळवण्याला ‘नेमावाशी’ म्हणतात. मूळ अर्थ, झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणे. धानाच्या रोवणीआधी पऱ्हे, म्हणजे रोपे, खोदणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

अलीकडचा नेता मला पाळीवर नाही, पाण्यात दिसला. अर्जुनी मोरगाव तालुक्यातले ढिवर, म्हणजे मासेमार, तलावांवर जगतात. रोहू-कटलाची बीजे आली, स्थानिक मासे घटले, बेशरम नावाची उपद्रवी वनस्पती वाढली. मनीष राजणकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवरांनाच विचारले, कोणत्या वनस्पतीजवळ कोणता मासा अंडी घालतो? उत्तर त्यांच्याकडे होतेच. मग उन्हाळ्यात ढिवर बाया बेशरम उपटायला उतरल्या, आणि तळाची माती नांगरून देशी वनस्पती लावल्या. गुडघाभर चिखलात, पदर खोचून. आता त्यातल्या काही बाया ग्रामसभेत बोलतात. तुडुमावर कोणाचा शब्द चालायचा, हे आठवणारे म्हातारे मागच्या रांगेत ऐकत बसलेले असतात.