पुण्याचा स्वतंत्र सूर : ‘ॲज रिटन इन द स्टार्स’

पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हटले की गाड्यांचे कारखाने आठवतात. पण याच पुणे महानगरात ‘ईझी वाँडरलिंग्ज’ हा बँड 2015 मध्ये उभा राहिला. गीतकार-गायक संयंत नारोथ हा त्याचा कणा. पहिला अल्बम, ‘ॲज रिटन इन द स्टार्स’, 2017 मध्ये आला.

या गाण्यांवर एकच शिक्का मारता येत नाही. फोक, सोल आणि पॉप त्यांत सहज मिसळतात; गिटारच्या जोडीला बासरी आणि व्हायोलिन येतात, आणि ही वाद्ये नुसती सजावट म्हणून येत नाहीत, चालीचा भार उचलतात. अल्बमचे खरे बळ मात्र एकत्र गुंफलेल्या आवाजांत आहे. गाणी घाई करत नाहीत. आजच्या काळात हे धाडसच म्हणायला हवे.

‘रोलिंग स्टोन इंडिया’ या संगीतविषयक नियतकालिकाने बँडची दखल घेतली. इंग्रजीत गाणी लिहिणाऱ्या, चित्रपटसंगीताबाहेरच्या कलाकारांना असे लेखन फार मोलाचे असते, कारण मोठ्या वृत्तपत्रांत अल्बमच्या समीक्षेला जागा क्वचितच मिळते.

अशा संगीताचे श्रोते घडवण्यात महोत्सवांचाही वाटा आहे. ‘एनएच7 वीकेंडर’ या संगीत महोत्सवाची सुरुवात डिसेंबर 2010 मध्ये पुण्यातच, कोरेगाव पार्कात झाली.