स्वतः छापलेली कुमार कादंबरी : दोन अमेरिकी लेखक आणि माझ्या पलंगाखालचे गठ्ठे

माझ्या पलंगाखाली एका कुमार कादंबरीच्या तीनशे चाळीस प्रती आहेत. कादंबरी माझीच. पाचशे प्रती स्वखर्चाने छापल्या. आयएसबीएन आपल्याकडे विनामूल्य मिळतो, तो घेतला. छपाईही बरी झाली. गेलेल्या एकशे साठ प्रती नातेवाइकांनी, मित्रांनी आणि भेट म्हणून दिलेल्यांनी नेल्या. ज्यांच्यासाठी लिहिले त्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपैकी कोणी आपणहून प्रत घेतल्याचे आठवत नाही. लेखन कमी पडले असेल, हे पहिले उत्तर मी मान्य करून टाकले. तरीही लेखनापलीकडचे काही आहे का, हे पाहण्यासाठी दोन अमेरिकी लेखकांचा अनुभव मिळेल तिथून गोळा केला. दोघांनी किशोरांसाठी लिहिले, दोघांनी स्वतः प्रकाशित केले आणि दोघेही पुढे मोठ्या प्रकाशकांकडे गेले. या शेवटच्या गोष्टीने मी चक्रावलो होतो. सगळे नीट चालले असताना प्रकाशक कशाला हवा होता?

पहिला ख्रिस्तोफर पाओलिनी. जन्म १९८३चा, राहणार मोंटाना राज्यातल्या पॅरडाइज व्हॅलीत. शाळेत न जाता घरीच शिकलेला. पंधराव्या वर्षी त्याने ‘एरॅगॉन’ ही ड्रॅगनस्वार मुलाची कादंबरी लिहायला घेतली. पहिला खर्डा व्हायला एक वर्ष लागले आणि तो दुरुस्त करायला दुसरे. आईवडिलांना पुस्तके काढण्याचा थोडा अनुभव होता. तिसरे वर्ष सगळ्या घराने मुद्रितशोधन, पानांची जुळणी, मुखपृष्ठ यांत घालवले. मुखपृष्ठावरचा ड्रॅगनचा डोळा आणि आतला नकाशा ख्रिस्तोफरनेच काढला. २००२मध्ये पुस्तक घरच्याच संस्थेच्या नावाने बाहेर आले.

यापुढचा भाग मी दोनदा वाचला. पुस्तक दुकानात ठेवून हे कुटुंब वाट पाहत बसले नाही. २००२ आणि २००३च्या आरंभी मिळून त्यांनी शाळा, ग्रंथालये आणि पुस्तकांची दुकाने अशा ठिकाणी एकशे पस्तीसहून अधिक कार्यक्रम केले. लाल सदरा, ढगळ काळी विजार, बंद बांधलेले बूट आणि काळी टोपी असा मध्ययुगीन वेश करून हा अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा उभा राहायचा आणि वाचनाबद्दल, लेखनाबद्दल बोलायचा. (आपल्याकडच्या बहुरूप्यांची आठवण झाली.) आईवडिलांनी इतर कामे बाजूला ठेवली होती. पुस्तक चालले नसते तर घर विकावे लागले असते, असे पाओलिनीने पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. म्हणजे पणाला लागले होते ते अख्खे घर. मी पणाला लावली एक मुदत ठेव आणि तिचाही विमा उतरवल्यासारखा सावध राहिलो.

मग योगायोग. कादंबरीकार कार्ल हायासन २००२च्या उन्हाळ्यात मोंटानात आला असता त्याच्या सावत्र मुलाने हे पुस्तक घेतले आणि त्याला ते फार आवडले. हायासनने आपल्या प्रकाशकाला, म्हणजे नॉफ या संस्थेला, कळवले. ऑगस्ट २००३मध्ये नव्याने संपादित केलेली आवृत्ती निघाली. ही गोष्ट नेहमी नशिबाची म्हणून सांगितली जाते. मला ते पटत नाही. एका मुलाला विकत घेता येईल अशा जागी पुस्तक होते, हे नशीब नव्हे. त्यामागे पायपीट होती.

दुसरी अमांडा हॉकिंग, मिनेसोटातल्या ऑस्टिन गावची. अपंगांच्या निवासगृहात नोकरी करत फावल्या वेळात तिने सतरा कादंबऱ्या लिहिल्या होत्या. प्रकाशकांचे नकार साठले होते. २०१०मध्ये शिकागोत मपेट बाहुल्यांच्या जनकाचे, जिम हेन्सनचे प्रदर्शन भरणार होते. तिथे जायला तिला सुमारे तीनशे डॉलर हवे होते. तेवढे सुटतील म्हणून एप्रिलपासून तिने आपल्या कादंबऱ्या किंडलवर चढवायला सुरुवात केली. मार्च २०११पर्यंत नऊ पुस्तकांच्या मिळून दहा लाखांवर प्रती विकल्या गेल्या.

इथे किमतीचे गणित समजून घ्यायला हवे. ९९ सेंट किंमत ठेवली तर लेखकाला ३५ टक्के, म्हणजे जेमतेम ३५ सेंट मिळत. २.९९ डॉलर ठेवली तर २०१०च्या मध्यापासून ७० टक्के, म्हणजे दोन डॉलरच्या वर. ट्रिल मालिकेचा पहिला भाग हॉकिंगने ९९ सेंटला दिला आणि पुढचे भाग २.९९ला. पहिल्या भागावर जवळजवळ काही न कमावता वाचक मिळवायचा आणि पुढच्या भागांवर कमवायचे, असा हिशोब. मालिका आधीच लिहून तयार होती म्हणूनच तो जमला. एकच कादंबरी घेऊन बसलेल्याला हा मार्ग बंदच आहे.

आणि तरी मार्च २०११मध्ये तिने सेंट मार्टिन्स प्रेसशी चार पुस्तकांसाठी वीस लाख डॉलरचा करार केला. कारण तिनेच लिहून ठेवले आहे. पत्रांना उत्तरे देणे, मुखपृष्ठे, मांडणी, संपादक शोधणे यांत आठवड्याचे चाळीस तास घालवायचे नाहीत, लेखक व्हायचे आहे, अशा अर्थाचे ते म्हणणे आहे. तिने पदरचे पैसे देऊन संपादक नेमले होते, तरी चुका राहत आणि वाचक तक्रार करत.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला इथे मिळाले. स्वप्रकाशनात प्रकाशक नाहीसा होत नाही. त्याचे सगळे काम लेखकाच्या अंगावर येते. किशोरवाचकाच्या बाबतीत त्या कामाचा भार दुप्पट असतो, कारण पैसे एकाच्या खिशात आणि वाचनाची भूक दुसऱ्याच्या पोटात. पाओलिनीने शाळेशाळेत जाऊन मुलांना पालकांकडे हट्ट धरायला लावले. हॉकिंगने किंमत इतकी उतरवली की हट्टाची गरजच पडू नये. मी दोन्ही केले नाही. मी पुस्तक परीक्षणार्थ पाठवले आणि टपालाची वाट पाहिली. मराठीतली परीक्षणे चौदा वर्षांची मुले वाचत नाहीत, हे तेव्हाच सुचायला हवे होते. मला भेटलेल्या विक्रेत्याने चाळीस टक्के सूट मागितली तेव्हा मात्र मी फार मानी झालो होतो.

भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ हे मासिक स्वतः चालवले, ते मला आता निराळे दिसते. फास्टर फेणे लिहिणारा लेखक अंकाची उस्तवारीही करत होता. त्या उस्तवारीत न लिहिलेल्या किती कथा गेल्या असतील, याची नोंद कुठे नसते.

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या एका शाळेत वीस प्रती घेऊन गेलो. वेश वगैरे नव्हता. नववीच्या वर्गात एक प्रकरण वाचून दाखवले आणि जेथे थांबू नये तेथे थांबलो. सात प्रती गेल्या. पंधरा दिवसांनी त्यांतल्या एका मुलीचा शाळेमार्फत निरोप आला, “सर, दुसरा भाग कधी येणार?”

दुसऱ्या भागाची चाळीस पाने झाली आहेत. दरम्यान आणखी तीन मुख्याध्यापकांची पत्रे आली आहेत, येता का म्हणून. तिघांनाही वेळ हवा आहे तो सकाळचा. मी लिहितो तोही सकाळीच.